आमच्या गल्लीचा दावा आणि रामटेकची रेंगी

त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला जायचं हे आत्याने ठरवलं, आणि रेंगीने जायचं हेही तिनेच. मी रेल्वेची बाजू मांडून पाहिली. नागपूरहून थेट रामटेकपर्यंत गाडी जाते, जत्रेला जादा डबे लागतात, सकाळी निघालं की जेवायच्या वेळेला तलावावर. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माह्या बापानं मले बैलानं नेलं होतं. मी बैलानंच जाईन." माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन आमच्या घरी आली आणि तेव्हापासून घरातला शेवटचा शब्द तिचाच असतो.

रेंगी म्हणजे माणसांना बसायची हलकी, छपराची बैलगाडी, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. ती कुणाची घ्यायची हा प्रश्न आमच्याकडे पडलाच नाही. दौलतची. दौलत बुटीबोरीकडचा शेतकरी. दर बुधवारी भाजी आणि हंगामात संत्री घेऊन तो बाजाराला येतो, आमच्या दारापुढे गाडी सोडतो, खालच्या तलावावर बैलांना पाणी दाखवतो, स्वतः घाटावर अंग धुतो आणि मग बाजारात जातो. त्याचा बापही तिथेच गाडी सोडायचा.

आता दाव्याचं सांगायलाच हवं, त्याशिवाय ही यात्रा कळायची नाही. आमची गल्ली शुक्रवार तलावाच्या घाटावर उतरते. शहर कमिटीने ठराव केला की बाजाराच्या दिवशी गल्लीच्या एका कडेला गाड्या सोडायला हरकत नाही. झालं, गल्ली पेटली. रस्ता जाण्यायेण्यासाठी की गोठ्यासाठी, असा सवाल करून आम्ही रहिवाशांनी कमिटीविरुद्ध दिवाणी दावा लावला. पहिलं नाव माझं. माझं वह्यापुस्तकांचं दुकान, अधूनमधून मासिकांत लिहितो, तेव्हा अर्जाचा मजकूरही माझ्याकडेच आला. वकिलाने कायदा घातला, मी भाषा घातली. "जनावरांच्या शेणामुताने आमचे जिणे नरकासमान झाले आहे," हे वाक्य मी वाचून दाखवलं तेव्हा गल्लीतल्या मंडळींनी मान डोलावली होती, आणि मला ते फार आवडलं होतं.

माझी साक्ष पौर्णिमेनंतरच्या सोमवारी होती. गाड्या आमच्या संमतीने कधीच उभ्या राहिल्या नाहीत आणि गाडीवाल्यांकडून आम्ही मोबदला म्हणून कधी काही घेतलं नाही, एवढं मी शपथेवर सांगायचं होतं. म्हणजे ज्याची गाडी दारातून हुसकायची, त्याच्याच गाडीत बसून मी देवाला निघालो होतो. खरं सांगतो, निघताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बैल चांगले होते, माणूस ओळखीचा होता.

उजाडायच्या सुमाराला निघालो. मी, बायको, आत्या, पाठीमागे गवताचा भारा आणि गवऱ्यांचं एक पोतं. इंदोऱ्यापर्यंत रस्ता चांगला, पुढे कामठीपर्यंत तर छावणीमुळे फारच चांगला. जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, कामठीच्या बाजारात जे घ्यायचं ते घ्यावं, पुढे धड गूळही मिळत नाही. कन्हानचा पूल ओलांडला आणि नदीकाठी थांबलो. पाणी स्वच्छ होतं, वाळू अजून गार होती. बायकोने गवऱ्यांचा आर करून त्यात रोडगे भाजले, वांग्याची भाजी झाली, वरणात तूप पडलं. दौलतने एक गवरी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि हसला. "काकू, ह्या तं माह्याच बैलाच्या दिसून राहिल्या." बायकोही हसली. मी रोडगा कुस्करत होतो. मला गंमत वाटली, त्यापलीकडे काही नाही.

दुपारनंतर रस्त्याला गाड्यांची रीघ लागली. दोन्ही बाजूंना धान पिकलेलं, कुठे कापणी चाललेली, आणि त्या वासाने बैलसुद्धा मान वळवून बघत होते. मनसरच्या अलीकडे मँगनीजच्या खाणीची काळपट धूळ अंगावर बसली. मुक्काम एका आमराईत केला. शेजारी आणखी गाड्या होत्या, भजन होतं, फुकटचा विस्तव होता. धर्मशाळेपेक्षा हे बरं, असं माझं मत आहे, फक्त पांघरूण जास्त न्यावं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत रामटेक आलं. गड लांबून दिसतो तेव्हा आत्याने हात जोडले ते आंबाळ्याच्या तलावापर्यंत सोडले नाहीत. तलाव चहूबाजूंनी टेकड्यांत बसलेला, काठाला देवळं आणि घाट. पण घाटापर्यंत पोचणार कसं? जिथे बघावं तिथे गाड्या सुटलेल्या, बैल रवंथ करताहेत, मधून पाय टाकायला जागा नाही. आत्याचे गुडघे धरलेले. तिला घाटाजवळ उतरवणं भाग होतं.

दौलत एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत रेंगी घालत होता. एका चांगल्या घरापुढे थोडी जागा होती. तो जू उतरवणार तेवढ्यात ओट्यावरून कोट घातलेले एक गृहस्थ उठले. नुसता हात उचलून दोन बोटं हलवली, पुढे व्हा म्हणून. बुधवारी सकाळी दुकानाची किल्ली घेऊन बाहेर पडताना मी इतर गाडीवाल्यांकडे बघून अशीच बोटं हलवतो. आत्या मात्र त्यांच्याकडे बघत म्हणाली, "काहून रे, एवढ्याशा जागेनं याचं काय जाते?" मी छपराखाली तोंड आत घेतलं.

पुढच्या वळणावर कौलारू घर होतं, बाहेर विड्याच्या पानांच्या करंड्या धुऊन पालथ्या घातलेल्या. रामटेकचं पान नावाजलेलं, त्याच्या मळ्यावर या घरातली माणसं कामाला जात असावीत. एक म्हातारी बाहेर आली, तिने आत्याकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं आणि दौलतला म्हणाली, "सोड गा इथंच. शेण मात्र आमचं."

"तुमचंच," दौलत म्हणाला, आणि सौदा झाला. एवढंच. पैशाची गोष्ट नाही, नाव-गाव नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, की दर जत्रेला दारात ही एवढी घाण, तुम्हाला त्रास होत नाही? म्हातारी माझ्याकडे जरा नवलाने बघू लागली. "रस्ता काय माह्या बापाचा हाय?" ती म्हणाली, आणि आत्याला पाणी आणायला आत गेली.

स्नान झालं. आत्याने आजोबांच्या आणि माझ्या वडिलांच्या नावाने तर्पण करवलं. मग गडाची चढण. तलावाच्या बाजूने जुन्या पायऱ्या आहेत, त्या रुंद आहेत पण उंच आहेत, म्हाताऱ्या माणसांनी बसत बसत जावं आणि हातात खायची वस्तू उघडी ठेवू नये, वानरं सोडत नाहीत. आत्या दौलतच्या खांद्यावर हात ठेवून चढली. माझा खांदा जवळच होता, पण तिने त्याचा धरला. संध्याकाळी गडावर त्रिपुर पेटला, खाली धानाच्या रानात चांदणं पसरलं आणि सगळ्या डोंगरावर एकच गजर झाला. इतकं सुंदर दृश्य मी या प्रांतात दुसरं पाहिलेलं नाही. ते बघायला अवश्य जा. मी मात्र दर्शनाच्या रांगेत उभा राहून सोमवारची साक्ष मनात घोकत होतो, कारण वकिलाने ती न अडखळता झाली पाहिजे असं बजावलं होतं.

खरी गोष्ट घडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. मी ओट्याच्या कडेला दात घासत होतो. बायको नेहमीच्या सवयीने उठली, पदर खोचला, कोपऱ्यातली टोपली उचलली आणि बैलांच्या मागचं शेण भरू लागली. म्हातारी दारातून ओरडलीच.

"वं बाई, काय करून राहिली? कालच बोलणं झालं ना, शेण आमचं."

बायको ओशाळली. टोपली खाली ठेवून म्हणाली, "चुकलं माय. घरची सवय. आमच्या दारात बुधवारी यांच्याच गाड्या सुटतात ना, तं मीच भरते."

"शेण तुमचं असते?"

"आमचंच. सासूबाईच्या वेळेपासून. आमच्या गल्लीत साऱ्याच घरी तसंच हाय. ज्याच्या दारात गाडी, त्याचं शेण. सारवणाले, गवऱ्यांले बाहेरून कधी आणावंच लागलं नाही."

म्हातारी निवली. "मंग बरोबर हाय. जागा त्यायले, शेण तुमाले. सगळीकडे असंच असते."

माझ्या तोंडातली राखुंडी तोंडातच राहिली. मोबदला म्हणून कधी काही घेतलं नाही, असं मी शपथेवर सांगणार होतो, आणि माझं अख्खं घर त्या मोबदल्याने सारवलेलं होतं. परवा नदीकाठी खाल्लेला रोडगा त्याच्यावर भाजला होता. ज्या शेणाने आमचं जिणं नरकासमान झालं होतं, त्या शेणावरून गल्लीतल्या बायकांची भांडणं मी स्वतः सोडवली होती, तुझी टोपली की माझी टोपली म्हणून. हे लपलेलं नव्हतंच. रोज पायाखाली होतं. अर्ज लिहिताना ते माझ्या डोक्यात आलंच नाही, कारण ते बायकांचं काम. ओट्यावर कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं, तरी मला तोंड लपवावंसं वाटलं.

दौलत बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा बांधत होता. त्याने मान वर न करता म्हटलं, "काकाजी, दाव्याचं मले माईत हाय."

मी विचारलं, कधीपासून.

"कवापासूनच. बाजारात साऱ्यायले माईत हाय. मले लोकं म्हणे, तुह्या काकाजीचंच नाव पयलं हाय, अन् अर्जात आमाले नरक म्हटलं. म्या म्हटलं, नाव असन, गल्लीत राहाचं म्हणजे द्या लागते. पण हे काकाजीनं नसन लिवलं. वकिलानं लिवलं असन."

तो वर बघून थांबला. उत्तराची वाट बघत होता. एका शब्दाचं काम होतं.

"हो," मी म्हणालो. "वकिलानंच."

"म्या तेच सांगतलं," दौलत म्हणाला, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं होतं, तेव्हा ती तिथेच होती.

परतीच्या वाटेचं वर्णन करायला माझ्याकडे काही नाही. त्याच आमराईत थांबलो, तोच पूल ओलांडला. उतरणीला दौलत चाकं सांभाळत पायी चालायचा, आत्याला धक्का लागू नये म्हणून. बायको माझ्याशी बोलली नाही. भाडं विचारलं तर तो म्हणाला, देवाचं काम आहे, बैलांच्या सरकीपुरतं द्या. तुम्ही कुणी रेंगी कराल तर भाडं आधी ठरवून घ्या. नंतर असं ऐकावं लागलं तर खिशात हात घालताना फार जड जातं.

सोमवारी कोर्टात उभा राहिलो. आदल्या दिवशी वकिलाच्या कानावर शेणाचं घातलं होतं. तो हसला आणि म्हणाला, असला प्रश्न तुमच्यासारख्या माणसाला कोण विचारणार? पण कमिटीच्या वकिलाने विचारलाच. गाडीवाल्यांकडून रहिवासी काही घेत असत का? मी म्हणालो, घेत असत. काय? शेण. कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी मला पुन्हा मोठ्याने सांगायला लावलं. मी सांगितलं, पिढ्यानपिढ्या घेतो, माझ्या घरातही घेतो. निकाल अजून यायचा आहे, पण आमच्या वकिलाने त्याच संध्याकाळी दावा मागे घेण्याची भाषा सुरू केली. गल्लीत माझ्याशी आता कुणी बोलत नाही. ते मला फारसं लागलेलं नाही.

लागलं ते बुधवारचं. दौलत आला, दारापुढे रेंगी सोडली आणि ओंजळीत मावतील तेवढी संत्री घेऊन ओट्यावर आला. "काकाजी, तुमी कोर्टात आमच्याकडून बोलले म्हणते. गावात साऱ्यायले सांगतलं म्या. म्हटलं, पाहा, म्या म्हणत होतो का नाही? ते नरकाचं वकिलानंच लिवलं होतं."

मी संत्री घेतली. बरं आहे ना सगळं, असं काहीतरी विचारलं. गोड होती, आत्याने दोन खाल्ली. बायकोने एकालाही हात लावला नाही. टोपली घेऊन बाहेर गेली आणि शेण भरू लागली.

म्हणून हे प्रवासवर्णन लिहायला बसलो. रामटेकला जा, त्रिपुर बघा, पायऱ्यांनी चढा, हे सगळं खरंच आहे. आणि ते वाक्य माझं आहे, वकिलाचं नाही, हेही एकदा छापून यावं असं मला वाटलं. लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिहिलं," ती म्हणाली. "पण दौलतले वाचता येत नाही."

उद्या बुधवार आहे.