फणसासमोरचा डबा

रत्नागिरी स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीशी एक वयस्कर गृहस्थ माझ्यापुढे उभे होते. इस्त्रीचा सदरा, काखेत छत्री. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावच्या, कातळावरच्या छोट्या स्टेशनचा वाढदिवस होता. दरवर्षी त्या दिवशी गाव ढोल वाजवतं, नारळ फोडतं आणि पॅसेंजरमधून उतरेल त्याला हार घालतं.

"फणसासमोर कितवा डबा येतो?" त्यांनी विचारलं.

खिडकीतल्या बाईंना हसू आवरेना.

"ढोलवाले फलाटावरच्या फणसाखाली असतात," ते शांतपणे म्हणाले. "गाडी दोनच मिनिटं थांबते. लांबच्या डब्यात बसलो, तर पोचेपर्यंत वाजवायचे थांबतील."

"मुंबईहून आलात का?" मी विचारलं.

"न्हाय हो. घर स्टेशनाला लागूनच हाय. उद्या सकाळी एसटीनं इकडं यायचं आणि गाडीनं परत जायचं."

"मग इकडे यायचंच कशाला?" मी म्हणालो.

"इतकी वर्षं हार घेऊन फलाटावर उभा ऱ्हायलो," ते म्हणाले. "यंदा उतरून बघतो."

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी फोन उचलला, कुणाला तरी फणसाबद्दल विचारलं आणि सांगितलं, "मागून तिसरा."

त्या पॅसेंजरने जाताना मी अजून मागून तिसऱ्या डब्यात बसतो. फणस दिसला की उगाचच शर्ट नीट करतो.