पहिला खोका

खोकेवाल्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे संसार बांधले. घर बदलणाऱ्यांचं सामान ट्रकमध्ये चढवून देणाऱ्या कंपनीत त्यांची हयात गेली, म्हणून सगळी गल्ली त्यांना याच नावानं ओळखायची. काचेचं झुंबर असो की तडा गेलेली बरणी, त्यांच्या हाताखालून गेलेली वस्तू मुक्कामी धड पोचायचीच. कधी कधी जरा जास्तच धड पोचायची. एकदा त्यांनी एका आजोबांची कवळी पेल्यासकट कागदात गुंडाळून, वर 'नाजूक' असं लिहून रवाना केली होती. आजोबा बिचारे संध्याकाळपर्यंत दुधात बिस्किटं बुडवून खात बसले.

कामात त्यांचे दोन हट्ट होते. प्रत्येक घराचा एक 'पहिला खोका' असायचा. चहा, साखर, कप, टॉवेल, साबण, एखादा बल्ब, असं नव्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या लागेल ते सगळं त्यात. तो ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढायचा आणि सगळ्यात आधी उतरायचा. "माणूस दमून आलेला असतो," ते नव्या कामगारांना सांगत, "त्याला आधी चहा मिळू दे, मग त्याची कपाटं बघू." दुसरा हट्ट चिकटपट्टीचा. पट्टीचं टोक बोटभर दुमडून ठेवायचं, म्हणजे उघडणाऱ्याला नखांनी खरवडत बसावं लागत नाही.

आता अशा माणसाची बायको परदेशातल्या बर्फाच्या डोंगरांत चालायला निघाली, तर तिची बॅग कोण भरणार? खोकेवाल्यांच्या मते हा प्रश्नच नव्हता.

बायको शाळेत खेळाची शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर ही सफर दोघांनी मिळून करायची, असं कधीचं ठरलेलं. पण लोकांचे फ्रिज जिन्यानं चढवून चढवून खोकेवाल्यांचे गुडघे पार कामातून गेले. डोंगराचं नावही काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. "मग राहू दे, मी पण नाही जात," असं बायको म्हणाली, तेव्हा ते असे उखडले की तिनं त्याच दिवशी तिकीट काढलं. आतून मात्र त्यांना फार वाईट वाटलं होतं. आपण नाही तर निदान आपल्या हातचं काहीतरी तिच्यासोबत जावं, एवढीच आता त्यांची इच्छा होती.

म्हणून ती बाजारात गेल्याची संधी साधून त्यांनी बॅग भरून टाकली. आणि भरली तीही खोका भरतात तशी. आत पोकळी राहिली की सामान हलतं, आणि हललं की फुटतं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यांनी बुटांत मोजे कोंबले, मोज्यांत औषधांच्या डब्या कोंबल्या, टोपीत हातमोजे बसवले. तरी कोपऱ्यात बोट जातंय म्हटल्यावर आणखी एक स्वेटर घातला, एक चादर घातली, आणि अगदी मधोमध स्वतःचा स्टीलचा थर्मास ठोकून बसवला. कामावर रोज नेऊन नेऊन पोचे आलेला तो थर्मास म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

बायको आली. खाली बसून तिनं पट्टे खांद्यांत अडकवले, उठायला गेली आणि थेट मागे आडवी झाली. उलट्या पडलेल्या कासवासारखे हातपाय हलवत ती हसत सुटली. आवाज ऐकून मुलगी धावत आली.

"बाबा, आई डोंगरावर चाललीये, डोंगर घेऊन नाही!"

"एक वस्तू फुटणार नाही, लिहून देतो," खोकेवाले म्हणाले.

"अहो, मी फुटेन ना!" बायको जमिनीवरूनच ओरडली. "ही ट्रकमध्ये नाही चढायची, माझ्या पाठीवर चढायचीये. दिवसभर मलाच वाहायचीये. आता बॅग मी भरणार. तुम्ही हात लावायचा नाही."

खोकेवाल्यांचं तोंड एवढंसं झालं. बायकोनं सगळं बाहेर काढलं. जाड कोट बाजूला सारून पातळ कपडे घेतले. थंडी वाढली की एकावर एक चढवायचे, घाम आला की उतरवायचे. झोपताना घालायला एक कोरडा जोड प्लास्टिकमध्ये वेगळा बांधला. वजन वाचवायला तिनं टूथब्रशचा दांडा अर्धा कापला, तेव्हा मात्र ते उठून गॅलरीत जाऊन बसले. बॅगेत चक्क जागा उरली होती. ती रिकामी जागा त्यांना दिवसभर खात राहिली.

निघायच्या सकाळी बायको आंघोळीला गेली आणि त्यांनी चोरासारखा थर्मास कपड्यांखाली सरकवला. मग शहाण्यासारखे स्वतः आंघोळीला गेले. निघताना बायको म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी कुलूप लावून येते." ती जिना उतरून आली आणि बॅग झटक्यात पाठीवर घेतली. काही कळलं नाही हिला, म्हणून खोकेवाले मनातल्या मनात खूश.

विमानतळाच्या दारात ती म्हणाली, "नीट राहाल ना? चहा तरी येतो का करायला?"

"न यायला काय झालं?" ते म्हणाले. जन्मात कधी केला नव्हता. दार तिच्यामागे बंद झालं, तरी ते काचेतून आत बघत उभे राहिले.

मुलगी त्यांना घरी सोडून कामावर गेली. त्यांनी एकट्यानंच कुलूप उघडलं. आत गेले तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक खोका. वरच्या चिकटपट्टीचं टोक बोटभर दुमडलेलं.

त्यांनी ते धरून ओढलं. आत चहा, साखर, त्यांचा कप, टॉवेल, गुडघ्याचं मलम, आणि हो, एक बल्बसुद्धा. कुठे बोट शिरायला जागा नव्हती. मधोमध, त्यांनीच बॅगेत कोंबलेल्या त्या जास्तीच्या स्वेटरात घट्ट बसवलेला, पोचे आलेला थर्मास होता.

झाकण उघडलं तर वाफ आली. खोकेवाल्यांना एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. त्यांनी कपात चहा ओतला आणि तिथेच खुर्ची ओढून बसले. थर्मास इथे आहे, म्हणजे तिच्या बॅगेत तेवढी जागा रिकामीच गेली. राहू दे रिकामी, त्यांना वाटलं. तेवढंच तिच्या पाठीला हलकं.