मागून चालणारे बाबा

बाबांना कुणाच्या पुढे चालताना मी कधी पाहिलं नाही. हर्सूल तलावाच्या पाळीवर आमची चार म्हातारी टाळकी सकाळी फिरायची आणि शेजारचे हे धनगरबाबा सगळ्यांच्या मागे, खांद्यावरच्या आडव्या काठीवर दोन्ही हात टाकून. पाचोडकडे जन्मभर मेंढरं राखली, म्हातारपणी मुलाजवळ शहरात आले. पण चाल तीच. मागून गाडी आली की जिभेने टक् टक् करून आम्हाला कडेला घेत. आमच्यातले एक निवृत्त साहेब एकदा भडकले, आम्ही काय मेंढरं आहोत का म्हणून. बाबा म्हणाले, "नाय सायेब. मेंढरं लवकर ऐकतेत."

मग आमचे हे गेले. जन्मभर हे चार पावलं पुढे आणि मी मागे; यांची पाठ बघत संसार झाला. आता पुढे कुणीच नाही, तर जायचं कुठे? मी घराबाहेर पडणंच सोडलं. उपदेश करणारे ढीगभर आले. मेलं, ऐकून ऐकून कान किटले.

बाबा मात्र आत आलेच नाहीत. रोज उजाडताना आमच्या फाटकाजवळच्या दगडावर बसायचे आणि ऊन चढलं की निघून जायचे. शेवटी मीच चिडून बाहेर आले. म्हटलं, आपली फिरणारी मंडळी गेली की पुढे, इथे काय करताय?

"जाऊ द्या त्यान्ला. लंगडतं त्याच्यासंगं कुणीतरी मागं ऱ्हावं लागतं, बाई."

मला रडू आलं. तशीच चपला घालून निघाले. त्या दिवशी वाण्याच्या दुकानापर्यंतच गेलो आणि परतलो. हळूहळू तलाव आला. धुकं असायचं, पाणी आणि आभाळ एकच दिसायचं. मी यांच्याशी मोठ्याने बोलत चालायची. मागे वहाणा वाजत राहायच्या. त्या बाबांच्या की यांच्या, कधी कधी खरंच कळायचं नाही. मी वळूनही पाहायची नाही. बाबा एका शब्दाने कधी मध्ये बोलले नाहीत.

या थंडीत बाबा झोपेतच गेले. बायकांनी स्मशानात जायचं नसतं, असं कुणीतरी म्हणालं. मी ऐकलं नाही. पहिल्यांदाच बाबा पुढे होते आणि मी सगळ्यांच्या मागे. वळणावर पाठीमागून टेम्पो आला. कसं कोण जाणे, माझ्याच तोंडून टक् टक् निघालं, आणि सगळी माणसं निमूट कडेला झाली. साहेबसुद्धा.