पाहुण्यांच्या तारखेसाठी थांबलेला तांदूळ

आज सकाळी तांदळाचा डबा उघडला आणि तो कोंदट, किंचित आंबूस वास नाकात शिरला. जाळी धरलेल्या तांदळाचा. परातीत ओतून तांदूळ गच्चीवर उन्हात ठेवला, हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, पण वास काही बोटांवरून जाईना. तुम्ही म्हणाल, दमट हवेत हे घरोघरी होतं, त्यात एवढं काय. खरंच आहे. पण मला शिसारी येते ती तांदळाची नव्हे. तो वास आला की आमच्या वसाहतीची धान्यपेढी आठवते, आणि तिच्या टेबलामागे चष्मा नाकावर ओढून बसलेली मी आठवते.

आमची वसाहत नगरच्या उपनगरातली, बहुतेक निवृत्त माणसांची. फिरायला जाऊन आल्यावर चहा पिता पिता कुणाला तरी परोपकाराची उबळ आली आणि महिन्याभरात सभागृहात पोत्यांची थप्पी लागली. गहू, तांदूळ, तूरडाळ, तेलाच्या पिशव्या. गरजूंनी यावं, घेऊन जावं, इतकी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीवर आमचं समाधान होत नाही. फाटकावर वॉचमन. फाटकाच्या आत, लिंबाच्या झाडामागे, बाहेरून दिसू नये अशा बेताने लावलेला फलक. वेळ फक्त रविवारी, दहा ते बारा. आणि एक अर्ज. तो अर्ज माझ्या हातचा. उभा जन्म महाविद्यालयाच्या कार्यालयात गेला, दाखल्यांत आणि सहीशिक्क्यांत. कागद नीट असला की माणूसही नीट असतो, अशी माझी समजूत. शिधापत्रिकेची झेरॉक्स जोडल्याशिवाय अर्ज घ्यायचा नाही, हा नियमही माझाच. तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं आणि ते मला आवडलंही होतं.

ती आली ती शनिवारी. नागापूरहून पायी. पाथर्डीकडची, दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. यंदा प्रथमच दोघांनी कोयता खाली ठेवून एमआयडीसीत खोली घेतली होती, का, तर मुलीची शाळा मोडू नये म्हणून. नवऱ्याला एका वर्कशॉपमध्ये काम लागलं आणि दोन महिन्यांत ते वर्कशॉपच बंद पडलं. हे सगळं तिने फाटकाच्या गजांतून सांगितलं, कारण वॉचमनने तिला आत सोडलंच नव्हतं. "दिवाळीनंतर चालू हुनार म्हनत्यात, ताई. तवर तेवढं तगलो, तर ऊसतोडीला जायला नको. पोरगी पाचवीत हाय. लई हुशार हाय वो."

मी तिला रविवारी यायला सांगितलं. खूप गोड आवाजात सांगितलं, हे विशेष.

दुसऱ्या दिवशी ती रांगेत पहिली होती, आणि तिच्याजवळ शिधापत्रिका नव्हती. "कार्ड गावाकडं सासूपाशी हाय. म्हातारीचं धान्य निघतं त्याच्यावर." मी म्हणाले, मग झेरॉक्स तरी आणा. ती माझ्यामागच्या पोत्यांकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त बघत होती. पुढच्या रविवारी ती खरंच झेरॉक्स घेऊन आली, घडी घालून ब्लाऊजात ठेवलेली, घामाने ओली झालेली. तोवर इकडे समितीला नवी कल्पना सुचली होती. एवढं धान्य जमलंय तर असं गुपचूप कशाला वाटायचं? एखादे मोठे पाहुणे बोलवावेत, त्यांच्या हस्ते वाटावं. वाटप बंद. मी तिचा अर्ज झेरॉक्ससकट ठेवून घेतला आणि पाहुण्यांची तारीख मिळाली की कळवू, असं सांगितलं. कुठे कळवणार होते, कोण जाणे. मोबाईल नंबराचा रकाना मी अर्जात आवर्जून ठेवला होता आणि तिच्याकडे मोबाईल नव्हता.

"नेमकं कवा, ताई?" तिने विचारलं. "दसऱ्याला टोळ्या निघत्यात. मुकादम रोज दारात येतोय."

पाहुण्यांची तारीख दोनदा पुढे गेली. दसरा उलटला. सभागृहात तो वास सुटला, पोत्यांवरून सोंडे चालू लागले. अखेर पाहुणे आले, दोन तास उशिरा, आणि नारळ, शाल, भाषण सगळं साग्रसंगीत झालं. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून आम्ही आमच्याच धुणीभांडीवाल्या बायकांना कामं सोडून बसवलं होतं. किडका तांदूळ त्यांनी निमूट पदराखाली घेतला. नंतर आम्ही गुलाबजाम खाल्ले. मीही खाल्ले. मला आमच्या सगळ्यांची किळस आली, पण ती दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी मी वाटी पुन्हा पुढे केली होती.

दुसऱ्या दिवशी बाजारातून चांगलं धान्य घेतलं, पिशवी भरली आणि अर्जावरचा पत्ता शोधत रिक्षाने नागापूरला गेले. पत्र्याच्या खोल्यांची ओळ, तिच्या खोलीला कुलूप. शेजारीण दारात भांडी घाशीत होती. "ती व्हय? गेली की टोळीसंगं. आठ दिवस झालं."

"आणि मुलगी?"

"तिला कुनापाशी ठिवनार? नेली संगं. लई रडली पोर. दप्तर सोडंना."

मला तिथे उभं राहवेना. पिशवी मी त्या शेजारणीच्याच हातात दिली. तिने हात पुसले, डोक्यावर पदर घेतला, पिशवी छातीशी नीट धरली आणि माझ्याकडे तोंड करून ताठ उभी राहिली. मला आधी कळलंच नाही.

"काढा की," ती म्हणाली.

"काय?"

"फोटू."

फोटो नको, म्हटलं. तिचा विश्वास बसेना. पिशवी तशीच धरून तिने विचारलं, "मग दिलं कशापायी?"

मी थांबलेल्या रिक्षात बसून घरी आले. आमची पेढी यथावकाश बंद पडली. सभागृहात आता योगवर्ग भरतो. तिचा अर्ज मात्र माझ्या कपाटात आहे, झेरॉक्ससकट, मोबाईलचा रकाना सोडला तर अगदी नियमाप्रमाणे पूर्ण. ती झेरॉक्स मी तेव्हा नीट वाचलीच नव्हती. कुटुंबातल्या माणसांच्या यादीत शेवटचं नाव त्या मुलीचं आहे. ती टोळीबरोबर गेली, त्यानंतरही काही दिवस शाळेत रोज सकाळी हजेरीला ते नाव घेतलं गेलं असेल, आणि कुणीतरी बाकावरून ओरडलं असेल, "न्हाई आली, बाई."