मॅडमचा उजवा हात

माझं नर्सिंग कॉलेज आता मंगल कार्यालय झालंय. आंबेगाव तालुक्यात, हमरस्त्याच्या कडेलाच. ज्या खोलीत आम्ही रबरी हातावर शीर शोधायला शिकलो, तिथं मी गेले त्या दिवशी आचारी बटाटे सोलत बसले होते.

"कॉलेज?" वॉचमन म्हणाला. "इथं कॉलेज व्हतं व्हय? मला न्हाई बा ठावं."

मी हातातला फॉर्म त्याच्यापुढं धरला. कशासाठी, कोण जाणे. तो आयर्लंडच्या नर्सिंग परिषदेचा फॉर्म होता. बाहेर शिकलेल्या नर्सला तिथं काम करायचं तर आधी त्यांच्याकडे नोंदणी करावी लागते. इंग्रजीची परीक्षा मी तिसऱ्या खेपेला पास झाले होते. आपल्या राज्याच्या परिषदेचं पत्रही पोचलं होतं. राहिला होता हा एकच फॉर्म: कुठला विषय किती तास शिकवला, कुठल्या वॉर्डात किती तास काम केलं. तो कॉलेजनं भरायचा, प्राचार्यांनी सही करायची, मग थेट तिकडे पाठवायचा. इंग्रजीचा निकाल दोन वर्षंच चालतो. माझ्या निकालाचे चार महिने उरले होते.

त्यात मी एक मूर्खपणा करून बसले होते. तिथल्या हॉस्पिटलनं मुलाखतीत निवड केली, त्याच आठवड्यात मी नारायणगावच्या दवाखान्यातला राजीनामा दिला. अकरा वर्षांची नोकरी. माझ्या जागी दुसरी मुलगी लागलीसुद्धा. माझे अब्बा बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे कासरे आणि घुंगुरमाळा विकतात. दर बाजाराला कुणी ना कुणी विचारायचं, "चाचा, पोरगी गेली का वो परदेशात?" अब्बा म्हणायचे, "निघालीच समजा." घरी आल्यावर मला काही विचारायचे नाहीत. ते न विचारणंच मला सोसायचं नाही.

कॉलेजच्या जुन्या क्लार्कचा नंबर मिळवला. तो म्हणाला, बंद होताना सगळी रजिस्टरं प्राचार्य मॅडमनी घरी नेली, त्या आता येडगावला भावाकडे असतात.

चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही तर अख्खा पलंग उसकटून पुन्हा करायला लावणाऱ्या आमच्या मॅडम. जाताना एस्टीत मी त्यांच्यासमोर काय बोलायचं ते घोकत होते.

दारात त्यांची भावजय भेटली. तिनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "लई उशीर केला तुमी. लकवा मारून वरीस झालं. बोलत्या न्हाईत, उजवी बाजू समदी गेली. समजतं मात्र समदं."

खोलीत पाऊल टाकताच वास आला. आमच्या धंद्यात तो विसरता येत नाही. मी मॅडमना कुशीवर वळवलं. कमरेखाली तळहाताएवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. पुढचा तासभर मला फॉर्मची आठवणही झाली नाही. जखम धुतली, पट्टी केली, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते भावजयीला दाखवलं. मॅडम डोळे मिटून होत्या.

मग भावजयीनं रजिस्टरांची ट्रंक उघडली. वरच्या दोन वह्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. आमच्या वर्षाचं रजिस्टर शाबूत होतं.

त्यानंतर मी एक दिवसाआड येडगावला जायला लागले. पट्टीसाठी जात होते की सहीसाठी, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मॅडमच्या भावानं, ते निवृत्त मास्तर, रजिस्टरातले तास बघून फॉर्म भरला. सहीची जागा तेवढी कोरी राहिली.

परदेशात नोकऱ्या लावून देणाऱ्या मंचरच्या एका एजंटला मी हे सांगितलं तर तो हसला. "ताई, सही काय, शिक्कासुद्धा करून देतो. तिकडं कोण बघतंय?"

मी नाही म्हणून उठून आले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

एका दुपारी मास्तर बाहेर गेले होते, भावजय गोठ्यात होती. मी मॅडमचा उजवा हात उचलला. लोळागोळा झालेला, थंड हात. बोटं एकेक करून पेनाभोवती वळवली, वरून माझ्या मुठीत धरली आणि कागदावर टेकवली. पहिलं अक्षर अर्धं झालं होतं. मॅडमच्या घशातून घरघर निघाली. मी वर पाहिलं. त्या एकटक माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत राग नव्हता. त्या घाबरल्या होत्या. मला घाबरल्या होत्या.

मी पेन सोडलं. "चुकलं मॅडम," म्हणाले आणि तिथंच पलंगाच्या पायाशी बसून रडले.

बऱ्याच वेळानं माझ्या डोक्याला काहीतरी लागलं. मॅडमचा डावा हात होता. त्यांनी माझे केस ओढले, हळूच नव्हे, चांगले ओढले, आणि पेनाकडे बोट केलं.

डाव्या हाताची सही जमायला त्यांना तीन आठवडे लागले. तीही वाकडीतिकडीच. अर्धं अक्षर असलेला फॉर्म मी फाडला, मास्तरांनी नवा भरला. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडून त्यांनीच तो पाठवला.

दोन महिन्यांनी आयर्लंडच्या परिषदेचं उत्तर आलं: सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही, बंद झालेल्या कॉलेजची कागदपत्रं राज्याच्या परिषदेकडून पडताळून आणा. मास्तर ट्रंकेतलं रजिस्टर पिशवीत घालून माझ्यासोबत मुंबईला दोनदा आले. पडताळणी झाली. तोवर इंग्रजीच्या निकालाची मुदत संपली आणि तिथल्या हॉस्पिटलनं दुसरी नर्स घेतली.

त्या दिवशी मी येडगावच्या धरणाच्या भिंतीवर बसले होते. पाण्याकडे किती वेळ बघत होते, आणि काय मनात होतं, ते इथं लिहिणार नाही. पट्टीची वेळ झाली म्हणून उठले, एवढंच.

परवा परिषदेची मेल आली. माझं शिक्षण त्यांनी मान्य केलंय. इंग्रजीची परीक्षा मात्र पुन्हा द्यायची, आणि तिथं गेल्यावर नर्सिंगच्या कामाची आणखी एक चाचणी. मी अब्बांना वाचून दाखवलं.

"म्हणजे झालं का नाही झालं?" त्यांनी विचारलं.

"निम्मं झालं," मी म्हणाले.

अब्बांनी हातातल्या घुंगुरमाळेची गाठ आवळली. मग म्हणाले, "बाजारात काय सांगू?"

परीक्षेचा फॉर्म भरलाय. चौथी खेप.