कुरणाचा पहिला दिवस

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर, माणदेशातल्या एका माळावरच्या गावात मी ग्रामसेवक म्हणून तीन वर्षं काढली. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी वाईचा, पंचविशीतला आणि तापट. खुर्चीत बसलो की पारा आणखीच चढायचा. आज सांगताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

गाव मेंढपाळांचं. पावसाळ्यात ते माळावर असत आणि दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठी, इस्लामपूरकडे उतरत. तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेत आणि बदल्यात धान्य देत. वाट आठ-दहा दिवसांची. त्या चालीआधी मेंढरांच्या अंगात जोर यावा म्हणून गावानं डोंगराच्या उतारावर एक कुरण राखलं होतं. कागदावर ते ग्रामपंचायतीचं. पण ते कधी उघडायचं हे बिरोबाच्या देवळापुढं बसणारी म्हाताऱ्यांची बैठक ठरवी. गवताचं बी जमिनीवर पडल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकत नसे. आणि उघडलं, की ज्याची मेंढरं सगळ्यांत कमी त्याला पहिला अख्खा दिवस एकट्याला. मग त्याहून थोडा मोठा कळप, असं करत सगळ्यांत मोठा शेवटी.

मला हा सगळा उफराटा कारभार वाटला. चारशे मेंढरांचा मालक ताटकळत उभा, आणि एक बाई अकरा मेंढ्या घेऊन आत ऐसपैस फिरतेय, हा कुठला न्याय? ही बाई एकटी राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. त्या अकरा मेंढ्या म्हणजे तिचं सगळं. हे मला ठाऊक होतं, तरी डोक्यात शिरलं नव्हतं.

त्या वर्षी मी भाद्रपदातच नोटीस लावली, की अमुक दिवशी सकाळी कुरण सर्वांसाठी खुलं होईल. सरपंचांनी मी बोट ठेवलं तिथं सही केली. ‘सर्वांसाठी’ हा शब्द मी मोठ्या अक्षरांत काढला होता आणि स्वतःवर जाम खूश होतो.

बैठकीतला सगळ्यांत वडीलधारा माणूस कचेरीत आला. चारशेचा कळप त्याचाच.

“आवं सायेब, गवात आजून हिरवं हाय. बी पडू द्या. आन् त्या बाईच्या समद्या मेंढ्या गाभण हायती. त्यास्नी आदी पोटभर मिळू द्या.”

“यात फायदा तुमचाच आहे ना? मग तुमच्या पोटात का दुखतंय?”

“माजा फायदा दोन दिसाचा. म्होरल्या साली मेंढरांस्नी काय माती चारू?”

मी फाईल टेबलावर आपटली आणि नियम म्हणजे नियम, असं काहीतरी बोललो. तो उठून गेला.

ठरल्या दिवशी कुरण उघडलं. पण ‘सर्वांसाठी’ हे आसपासच्या गावांनीही वाचलं होतं! तिकडचे तीन तांडे पहाटेच येऊन टेकले होते. दुपारपर्यंत उतारावर गवतापेक्षा मेंढरंच जास्त. बाईच्या मेंढ्यांना कडेचा खडकाळ तुकडा मिळाला. चौथ्या दिवशी कुरण बोडकं झालं. मी कचेरीत जाऊन अहवाल लिहिला, की कार्यवाही शांततेत पार पडली.

दिवाळीनंतर सगळे निघाले. बाईही निघाली, कारण मागं राहून मेंढ्यांना घालणार काय? बाकीच्यांनी तिच्या मेंढ्यांसाठी वाटेत बाभळीच्या शेंगा गोळा केल्या म्हणे. पण अंगात ताकदच नव्हती. काही गाभडल्या, काही रस्त्यात बसल्या त्या उठल्याच नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाला ती परत आली तेव्हा तिच्यामागं एकच मेंढी होती.

कुणी भांडायला आलं नाही. बैठकीनं मला बोलावणं धाडलं. देवळापुढं खाली बसलो.

चारशेवाला म्हातारा म्हणाला, “कुरण ज्यानं मोडलं त्यानं पावसाळाभर राखायचं, ही आमची रीत. माज्या सख्ख्या भावाला बी सोडलं न्हाई.”

मी भडकलो. सरकारी नोकराला शिक्षा? तुम्ही कोण लागून गेलात? बरंच काही बोललो.

“झालं बोलून?” म्हाताऱ्यानं विचारलं. “मग उद्यापास्नं या.”

आणि मी गेलो बरं का! रोज कचेरी सुटली की काठी घेऊन बांधावर. बी पडलंच नव्हतं, त्यामुळं गवत विरळ फुटलं होतं. दुसऱ्या डोंगरावरचं बी पोत्यांनी आणून या लोकांनी पसरलं. दिवसा राखणीला कुणाची पाळी कधी, हे तोंडी ठरलं. एकदाही कुणी चुकवलं नाही आणि मला एकदाही काठी उगारावी लागली नाही. ज्यांचं पोट या कुरणावर, त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळतं, इतकी साधी गोष्ट समजायला मला चार महिने लागले. मग मी ठराव लिहिला, की कुरण उघडणं, बंद करणं आणि पाळ्या लावणं बैठकीकडं राहील. वरिष्ठांची बोलणी लय खाल्ली. ठराव मागं घेतला नाही.

दसऱ्यानंतर बैठकीनं कुरण उघडलं. पहिली पाळी त्या बाईची. एका मेंढीसाठी अख्खा दिवस? मला वाटलं, यंदा तरी तिला दुसऱ्या कुणाबरोबर घालतील. कुणी तसं सुचवलंसुद्धा नाही. बांधावर शेकड्यांनी मेंढरं अडवून धरलेली, भुकेनं ओरडत होती. चारशेवाला म्हातारा तंबाखू मळत उकिडवा बसला होता. आणि त्या सबंध उतारावर ती एक मेंढी चरत होती.

दिवस कलायला लागला तेव्हा माझ्यानं राहवेना. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, “बाई, माझं चुकलं.”

ती मला समजावेल, असू द्या म्हणेल, असं मी धरून चाललो होतो.

“व्हय,” ती म्हणाली, “चुकलंच तुमचं.” आणि मेंढीमागं वर चढून गेली.