छापचित्रातल्या वलांडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

ती चित्रं तुम्ही पाहिली असतील. हॉटेलच्या लॉबीत, दंतवैद्याकडे, बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये सोनेरी चौकटीत टांगलेली असतात. दोन शतकांपूर्वी कुणी गोरा चित्रकार गलबतातून उतरला, छत्रीखाली बसला, आपली खाडी नि आपला डोंगर पेन्सिलीने काढून लंडनला घेऊन गेला. तिथे दुसऱ्याच कुणी ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. त्याने हिंदुस्थान पाहिलेलाच नसायचा. जागा रिकामी वाटली की डावीकडे एक वड, उजवीकडे पडकी कमान, पुढ्यात दोन पागोटेवाले. आता त्याच छापचित्रांखाली आपण ‘आपला वारसा’ असं लिहितो आणि समईची वात पेटवतो.

हे सगळं मी वाशीच्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं. मुलं हसायची. शिकवत होतो ते खरंच होतं — आणि खोटं बोलायला खऱ्यासारखं दुसरं हत्यार नाही.

हेमंत माझा विद्यार्थी. उरणच्या बाजूच्या कोळीवाड्यातला, पुढे बँकेत लागला. एकदा माझ्याकडच्या एका छापचित्रासमोर तो उभा राहिला, तो हलेचना. “सर, हा आमचा डोंगर. आणि ही आमची खळी!” चित्रात किनाऱ्यावर बांबू-दोऱ्यांच्या लांबच लांब ओळी होत्या. त्यांना वलांडी म्हणतात, त्यांवर बोंबील वाळत घालतात. खालीच वाकलेल्या चार बायका. बोंबील वाळवायच्या त्या मोकळ्या जागेलाच कोळी खळी म्हणतात. त्याची आई तिथेच बोंबील वाळवायची; तिची सासूही तिथेच.

ती जागा तेव्हा एका बांधकाम कंपनीला हवी होती. किनाऱ्यावर फिरायचा रस्ता, बाकं, दिवे. गावाकडे जागेचा कागद नव्हता — वाळूवर बोंबील वाळवायला कुणी कागद काढतं का? म्हणून जागेच्या सरकारी सुनावणीत हेमंतने ते चित्र पुढे केलं. आणि चित्रातलं कळणारा माणूस म्हणून मला बोलावलं. त्यानेच बोलावलं. माझ्यावर भरवसा ठेवून.

आता ऐका. सुनावणीच्या आधी कंपनीचे लोक घरी येऊन गेले होते. पैसे नाही दिले — ते सोपं झालं असतं, निदान लाच घेतली असं तरी म्हणता आलं असतं. त्यांना जुन्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं होतं. मुख्य अभ्यासक मी. मंचावर खुर्ची, फलकावर नाव, शाल. खळीच्या वादाचं काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. आयुष्यभर शाल-श्रीफळांची टिंगल केलेला मी — मला बरोब्बर कळलं.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, “सर, चित्रात दिसतंय ते खरं मानायचं का?”

मी चष्मा पुसला. म्हणालो, असल्या चित्रांत पुढची जागा भरायला माणसं, झोपड्या, असलं काहीबाही कल्पनेने घालत. पुरावा म्हणून त्याला किंमत नाही. वर एक विनोदही केला — चित्रकाराला बोंबलाचा वास आला असता तर त्याने वलांडींच्या जागी बाभळी काढल्या असत्या. साहेब हसले. वकील हसले. हेमंतही कसनुसा हसला.

हेमंतची आई मागे बसली होती. ती उठली. “म्हंजे आमी कोन, सायेब? रंगाचं डाग? माजी सासू तवा त्याच्या कल्पनंत बोंबील वालवत व्हती काय?”

हेमंतने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. “आये, गप. सर शिकलेले हायत, त्यांना ठाव हाय.”

मला ठाऊक होतंच. तेच तर सांगायचंय. त्या छापचित्रामागचं मूळ पेन्सिलचित्र मी पाहिलं होतं. परदेशातल्या एका संग्रहात, पांढरे हातमोजे घालून, स्वतःच्या डोळ्यांनी. किनाऱ्यावर बसून काढलेलं. त्यात वड नव्हता, कमान नव्हती, पागोटेवालेही नव्हते. ते लंडनचं काम. वलांडी होत्या. मोजता याव्यात इतक्या स्पष्ट, दोऱ्यांना पडलेल्या झोळासकट. त्या चार बायकाही होत्या. सबंध छापचित्रात डोंगर-खाडी सोडली तर चित्रकाराने डोळ्यांनी पाहून काढलेलं असं तेवढंच होतं, आणि मी नेमकं तेवढंच कल्पनेत ढकललं. एक वाक्य पुरलं असतं — मी मूळ चित्र पाहिलंय. ते मी गिळलं.

मी भ्यालो होतो का? नाही हो. कुणी धमकावलंच नव्हतं. मला खुर्ची हवी होती, बस्स. मिळाली. शाल सिंथेटिक निघाली, अंगावर चटचट ठिणग्या उडत होत्या. हे सांगून मी स्वतःची कीव करून घेतोय असं वाटत असेल तर थांबा — मी ती शाल नीट घडी करून घरी आणली.

खळीवर आता फरशा आहेत. बोंबील वाळत घालायला मनाई असल्याची पाटी आहे. हेमंतची आई दुसरीकडून आलेलं सुकट घेऊन विकते. बुरशीचा वास येतो म्हणून जुनी गिऱ्हाइकं तिच्याशी भांडतात.

हेमंत अजून दिवाळीला येतो, पाया पडतो. मागच्या खेपेला सोफ्यावर बसून म्हणाला, आई अजून तुमच्या नावाने बोटं मोडते, सर. मी तिला दरवेळी सांगतो, तू खोटं बोलतेस, सर कशाला खोटं बोलतील. परवा जोरातच ओरडलो. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

मी त्याच्या पुढ्यात चकलीची बशी सरकवली. म्हणालो, जाऊ दे रे, वय झालंय तिचं.